गावाचं सांडपाणी मोजलं, तर भलतंच निघालं

मोरीकाठ | सोमवार, ३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. वस्ती चौदा हजारांच्या आसपास, म्हणजे धड खेडं नाही आणि धड शहरही नाही. बाजारपेठ आहे, दोन मंगल कार्यालयं आहेत, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. मी पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. बिनविरोध निवडून आलो, म्हणजे दुसरं कोणी तयारच नव्हतं.

गेल्या महिन्यात सांडपाणी प्रकल्पाचा आराखडा हातात पडला. रोज आठ लाख लिटर, एमबीबीआर पद्धत (जिवाणूंकडून पाणी साफ करायची), हवा फुंकणारे दोन ब्लोअर, क्लोरीनची टाकी, वर ऑपरेटरची खोली. आठ लाख कुठून आले? १४,००० माणसं, माणशी ७० लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी. गुणाकारात चूक नाही.

पण आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं. निम्म्या घरांच्या संडासाच्या टाक्यांना पुढे गटारच नाही. मग आठ लाख लिटर जातंय कुठे? म्हटलं, मोजून तरी बघू.

गावाचं तीन चतुर्थांश पाणी स्मशानाच्या रस्त्याखालच्या मोरीतून बाहेर पडतं. पाइपाच्या तोंडाखाली दोनशे लिटरचा ड्रम उभा बसतो. शनिवारी, नळाच्या दिवशी, पुतण्याला मोबाइलचं स्टॉपवॉच देऊन बसवला आणि मी ड्रम भरत-ओतत राहिलो. सकाळी सव्वासातला ड्रम ४० सेकंदांत भरला. पाणी दुधाळ, वर साबणाचा हातभर फेस, वासही निरम्याचाच. दुपारी त्याच ड्रमला शंभर सेकंद लागले, पाणी राखाडी झालेलं, त्यात चहाची पत्ती आणि भाताची शितं. संध्याकाळी ६० सेकंद. रात्री अकराला दोनशे सेकंद, आणि पाणी इतकं निवळ की बॅटरीच्या उजेडात ड्रमचा तळ दिसत होता. त्या ड्रमाशेजारी बसून जेवायची इच्छा दोन दिवस झाली नाही, ते वेगळं.

तासांचा हिशेब मांडला तर दिवसाचं पाणी दोन लाख लिटरच्या आतच. उरलेल्या चतुर्थांशाचं धरलं तरी पावणेतीन लाखांपुढे जात नाही. आणि हे नळाच्या दिवसाचं.

आराखड्याप्रमाणे ब्लोअर १५ अश्वशक्तीचा, रोज वीस तास. महिन्याला साडेसहा हजार युनिट, पन्नास हजारांच्या आसपास बिल. पथदिव्यांची थकबाकी आहे ती आहेच.

जाणकारांनी सांगावं: आठ लाख लिटरचं बांधलं आणि तीन लाख लिटरच पाणी आलं तर काय होतं? आणि बिनविजेचं काही चालतं का?

टोमॅटोकॅरेट | ३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

ड्रम घेऊन मोरीखाली बसणारा समिती सदस्य! तुम्हाला पुढच्या वेळीही बिनविरोधच देणार बघा. बाकी विषयातलं मला कळत नाही, पण वाचतोय. चहा ठेवलाय.

ब्लोअरवाला | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

सातपूरला एका कंपनीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रकल्प, बघतो, बारा वर्षं झाली. तुमचा ड्रम आवडला. मोठमोठ्या आराखड्यांत एवढंही केलेलं नसतं.

एमबीबीआरमध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या पाण्यात फिरत असतात, त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, खालून ब्लोअर हवा देतो. जिवाणू घाण खातात. थोडक्यात गोठा आहे. आठ लाखांचा गोठा बांधला आणि चारा तीन लाखांचाच आला, तर थर धड धरत नाही, धरला तरी सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. ब्लोअर मात्र पूर्ण ताकदीने फिरतो, म्हणजे बिल आठ लाख लिटरच्या हिशेबाने येणार. वीज गेली तर दोन-तीन तास निभावतात. पुढे सडक्या अंड्यांचा वास सुटला की समजायचं, गोठा मेला. पुन्हा उभा करायला आठवडे जातात.

आणखी एक. आमची पद्धत वेगळी आहे, ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे चकत्या नाहीत, जिवाणूंचा गाळच पाण्यात फिरतो, पण शिस्त सगळीकडे तीच. रोज सकाळी एक लिटरच्या उभ्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळ तळाला २५०-३०० मिलीवर बसला आणि वर पाणी नितळ, तर मी चहाला मोकळा. गाळ तरंगला तर दिवस गेला. हे बघणारा माणूस तुमच्याकडे कोण आहे? आराखड्यात ऑपरेटरची खोली आहे. ऑपरेटर आहे का?

नमुना द्या प्रयोगशाळेला. एका वेळचा नको. दर दोन तासांनी घेऊन, त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून, बर्फात ठेवून. बीओडी (घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, म्हणजे घाणीचं माप), सीओडी (तेच रसायनाने मोजलेलं), तेल-ग्रीस, क्लोराइड, सोडियम. लग्नतिथीच्या दिवशी एक वेगळा. मंगल कार्यालयाचं तेलकट पाणी एका रात्रीत सगळं बुजवतं.

वायव्य | मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

प्रकल्प हवाच कशाला? घरोघरी शोषखड्डे करा. नांदेड पॅटर्नबद्दल ऐकलं नाही का? गटारी बंद, डास बंद, पाणी जमिनीत. विषय मिटला.

मोरीकाठ | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

वायव्यदादा, ऐकलंय आणि केलंयही. वरच्या आळीत मुरूम आहे, तिथले साठेक शोषखड्डे झकास चालतात. खालची आळी काळ्या मातीवर बसलीय. तिथे हातभर खोल खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच होतं, वर एक बेडूक. पावसाळ्यात तर खड्डाच उलटा भरून अंगणात येतो. शिवाय बाजारपेठेत अंगण आहे कुणाला? भिंतीला भिंत.

ब्लोअरवाले भाऊ, ऑपरेटरच्या प्रश्नावर सरपंच हसले. उत्तर समजून घ्या.

सिन्नरी | ४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

गटारीच्या पाण्याची चर्चा चाललीय, पण संडासाच्या टाक्यांचं काय? टाकी भरली की टँकर बोलावतात, तो उपसतो आणि रात्री कुठल्या तरी ओढ्यात सोडून देतो. तुमच्या मोरीच्या खाली सोडत असेल तर तुमच्या ड्रमात तो आलेलाच नाही.

आमच्या सिन्नरला आता मैला गाळाचं वेगळं केंद्र आहे, आणि टाक्या तीन वर्षांच्या फेऱ्याने क्रमाने उपसतात, भरायची वाट न बघता. साताऱ्याकडे वाईतही तीच पद्धत. कारण साधं आहे. टाकीत गाळ साठला की पाणी टाकीत थांबतच नाही, आल्यापावली गटारीत. मग तुमची गटार नावालाच सांडपाण्याची.

आणि कृपा करून टाकीत माणूस उतरवू नका. २०१३च्या कायद्याने बंदी आहे. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, वास येतो म्हणेपर्यंत नाक बधिर होतं.

उन्हाळकांदा | ४ फेब्रुवारी, रात्री ८:४५

मी याच गावचा. मोरीकाठ भाऊ मला ओळखतात, मीही ड्रम लांबून बघत होतो. म्हटलं यांचं काय चाललंय.

आता खरं सांगतो. मोरीच्या वरच्या अंगाला, बाभळीपाशी, आमच्या दोघांच्या तीन-तीन अश्वशक्तीच्या मोटरी आहेत. वाळूच्या गोण्या टाकून डबकं केलंय. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. तुम्ही रात्री अकराला मोजलं तेव्हा मोटरी चालू होत्या. तुमचं रात्रीचं पाणी माझ्या मक्यात आहे.

चोरी म्हणा काय म्हणायचं ते. मार्चमध्ये विहिरीला तासभर पाणी नसतं तेव्हा चाऱ्याचा घास आणि मका याच्यावर जगतो. प्रकल्प झाला आणि पाणी भिंतीआड गेलं तर आम्ही काय करायचं? ग्रामसभेत मी विरोधच करणार होतो, अजून करणार आहे.

टोमॅटोकॅरेट | ४ फेब्रुवारी, रात्री ८:५२

चहा संपला, आता भेळ आणतो.

मोरीकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

अरे बाबा, मग त्याच दिवशी हाक मारायची होतीस! मी थंडीत ड्रमापाशी कुडकुडत होतो.

असो. लाइट दिवसाची झाली की रात्रीचं पुन्हा मोजतो. आणि विरोध कर, पण आधी एक सांग: त्या डबक्यात गाळ किती साठतो?

उन्हाळकांदा | ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बक्कळ. डबक्याच्या तोंडाला काळा, मऊ, गुडघाभर. मे महिन्यात जेसीबीने काढतो, बांधावर वाळवतो, मग शेतात. पहिली दोन वर्षं काढला नाही तर मोटरीचा फुटव्हॉल सारखा चोकअप व्हायचा. आता जाळीला जुनी कांद्याची गोणी गुंडाळतो. पाणी वरून बुडबुडतं, वास येतो, पण खालच्या टोकाला गोणीवरून सांडतं ते पुष्कळ बरं असतं.

ब्लोअरवाला | ४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

उन्हाळकांदा, तुम्ही न सांगता ॲनएरोबिक तळं बांधलंय आणि त्याची देखभालही करताय. बुडबुडे म्हणजे तळाशी जिवाणू हवेशिवाय घाण पचवतात, त्याचा मिथेन. याच पद्धतीला पुस्तकात स्थिरीकरण तळी म्हणतात. पहिलं तळं तीन-चार मीटर खोल, तिथे गाळ बसतो आणि निम्मी घाण जाते. दुसरं दीड मीटरचं: वर शेवाळ उन्हात प्राणवायू बनवतं, तो जिवाणू वापरतात, म्हणजे तुमचा ब्लोअर सूर्य. तिसरं मीटरभर, उथळ, तिथे ऊन रोगजंतू मारतं. वीज शून्य. जागा मात्र खातं.

तीन लाख लिटरचा ढोबळ हिशेब केला. बीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅम धरला तर पहिलं तळं ३०० घनमीटर, दुसरं पंधराशे चौरस मीटर, तिसरं तेवढंच. बांध, वाट धरून पन्नास गुंठे लागतील. एक सावधानता: तुमच्या निफाडचा पारा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा थंडीत पेपरात येतो, बरेचदा राज्यात सगळ्यात कमी. शेवाळ आणि जिवाणू दोघंही थंडीत आळसावतात. दुसऱ्या तळ्याचं माप पुण्या-मुंबईच्या हवामानावर काढू देऊ नका, तुमच्या जानेवारीवर काढा.

मोरीकाठ | बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

सव्वा एकर गायरान नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. तळाला काय टाकायचं? काँक्रीट परवडणार नाही.

उन्हाळकांदा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

शेततळ्याचा कागद, म्हणजे जाड प्लॅस्टिक. पाचशे मायक्रॉन. आपल्याकडे पोरासोरांना त्याचं वेल्डिंग येतं. मेंढरं आणि कुत्री आत जाऊ नयेत म्हणून जाळी मारा, खुरांनी कागद फाटतो. आणि दोर सोडून ठेवा चारी बाजूंनी. ओल्या कागदावरून माणूस वर येऊ शकत नाही, दरवर्षी पोरं बुडून जातात शेततळ्यात.

(मी विरोधातच आहे अजून.)

नर्सबाई | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

उपकेंद्रात आहे, तालुका नाही सांगत. दोन गोष्टी.

डासांची भीती घालून प्रकल्प विकू नका. डेंग्यूचा डास घरातल्या चांगल्या पाण्यात होतो, टायरात, फ्रिजच्या मागच्या ट्रेत. गटारीतला तो क्यूलेक्स. उलट तळ्यांच्या काठाला गवत वाढू दिलंत तर तुम्हीच डास पाळाल. काठ साफ हवेत.

दुसरी महत्त्वाची. जंतांची अंडी. शाळेत आम्ही वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतो आणि मुलं परत तीच मेथी-कोथिंबीर खातात. क्लोरीन टाकून अंडी मरत नाहीत. ती जड असतात, पाणी आठ-दहा दिवस संथ राहिलं तर तळाला बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच म्हटलंय, शेतीला द्यायच्या पाण्यात लिटरमागे एकाहून जास्त अंडं नको. तेव्हा भाऊ, मका, घास, ऊस ठीक. पालेभाजी अजिबात नाही. आणि मोटर चालू करायला अनवाणी जाऊ नका. गमबूट घाला.

उन्हाळकांदा | ५ फेब्रुवारी, रात्री ७:३०

ताई, गमबूट आहेत. घालतो आजपासून. कोथिंबीर मागच्या वर्षी केली होती, खोटं नाही बोलणार. द्राक्षाला मात्र कधीच दिलं नाही. शेजाऱ्याने एकदा दिलं, पानांच्या कडा जळाल्या.

ब्लोअरवाला | ५ फेब्रुवारी, रात्री ८:१०

कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडियम आणि मीठ. डोगरिज खुंटावर कलम केलेली द्राक्षबाग थोडंफार सोसते, पण का परीक्षा घ्यायची? तळ्यातलं पाणी ठिबकला जोडणार असाल तर वाळूचा फिल्टर हवा, शेवाळाने ड्रिपर बसतात. मक्याला सरीनेच द्या.

आता कायद्याचं, कारण समितीत कोणीतरी विचारणारच. पर्यावरण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी ३० पर्यंत, आणि शेतजमिनीवर सिंचनाला १०० पर्यंत चालतो. २०१९ मध्ये हरित लवादाने सांडपाणी प्रकल्पांना १० ची सक्ती सांगितली, ती तळ्यांना जमणारी नाही. म्हणजे तुमचं पाणी नाल्यात गेलं तर महागडं यंत्र लागतं. मक्यात गेलं तर तळी पुरतात. उन्हाळकांद्याचा मका तुमच्या प्रकल्पाचा शेवटचा टप्पा आहे. तो वगळून हिशेबच होत नाही.

गोदातीर | गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

मी सायखेड्याकडचा. आमच्या पुलाला दरवर्षी पाणवेली अडकतात, नदी आहे की हिरवं मैदान कळत नाही. ती वेल नुसत्या घाणीवर नाही, नत्र आणि स्फुरदावर वाढते. यंत्राने बीओडी उतरवला तरी ते दोन्ही बरंचसं पाण्यातच राहतं आणि खाली नदीत जातं. तुमचा नाला कादवेत, कादवा नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत. तिथला १९०७ ते १९१३ मध्ये बांधलेला बंधारा गाळाने अर्धा भरला, त्या उथळ पाण्यावर पक्षी आले आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ते नत्र मक्याने घेतलं तर युरियाची गोणी वाचते आणि तो बंधाराही.

वायव्य | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:००

सगळं छान. पैसा कोण देणार?

मोरीकाठ | ६ फेब्रुवारी, रात्री ९:००

स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांवरच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी ६६० रुपये धरले होते, त्यातले ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. १४,००० माणसांचे ९२ लाख ४० हजार होतात. बांधायला. चालवायचं आपलं आपण, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

काल समितीचे चौघं एक तयार प्रकल्प बघून आलो, जिल्ह्यातलाच, गावाचं नाव घेत नाही. फाटकाला कुलूप. किल्ली कोणाकडे हे तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली. भिंतीवरून डोकावलो. हवेच्या टाकीत पाणी नाही, गाजरगवत माझ्या खांद्याएवढं. पॅनेलच्या खोक्यात मधमाश्यांचं पोळं. आणि बाहेर, भिंतीला लागून, गावाचं सगळं पाणी आपल्या जुन्या वाटेने आरामात नाल्यात चाललेलं. त्यात एकाची मोटर.

सिन्नरी | ६ फेब्रुवारी, रात्री ९:२५

त्या मोटरवाल्याला किल्ली द्यायला हवी होती.

मोरीकाठ | रविवार, ३० मार्च, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी खाजगी निरोप पाठवून विचारलं.

रात्रीचं पुन्हा मोजलं, मोटरी बंद असताना. ड्रमला ११० सेकंद. सगळं मिळून गावाचं पाणी तीन लाखांना टेकतं. नमुन्यात बीओडी २४० आला, लग्नाच्या दिवशीचा ४१०. दोन्ही मंगल कार्यालयांना तेलाचा सापळा बसवायची नोटीस दिली, एकाने बसवला.

ग्रामसभा झाली. आठ लाखांचा आराखडा परत पाठवला, तीन लाखांच्या तळ्यांचा मागवला, आणि पुढे वाढवायला शेजारची जागा राखून ठेवली. गदारोळ झालाच. गायरानावर जनावरं चारणाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं, त्यांना काठाचा चारा कापू द्यायचं ठरलं, पण लेखी काही नाही, ते मला टोचतंय. तळ्यातलं पाणी मोटरवाल्यांना हंगामी दराने द्यायचं, बदल्यात पहिल्या तळ्याचा गाळ त्यांनी काढायचा, पालेभाजी केली की पाणी बंद. दर किती, यावर दीड तास गेला आणि ठरला नाही. पावसाळ्यात पाणी कोणालाच नको असतं, तेव्हा काय करायचं हेही लटकलेलंच आहे. मैल्याच्या टँकरचा विषय पुढच्या सभेवर.

उन्हाळकांदा शेवटी उठला. विरोध करेल वाटलं. त्याने विचारलं, फाटकाची किल्ली कोणाकडे राहणार.

उन्हाळकांदा | ३० मार्च, रात्री १०:४०

दोन किल्ल्या करा म्हटलं होतं. एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. आणि भाऊ, तो ड्रम परत द्या. मे महिन्यात फवारणीला लागतो.